रणांगणाची मोजणी

कुंडलिकराव वेखंडे आयुष्यातली पहिली लढाई लढले, ती शनिवारी दुपारी, डाळभात जेवून, ओटीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. त्या लढाईत ते सात वेळा मेले. त्यातल्या तीन वेळा त्यांना त्यांच्या बायकोनं मारलं, आणि ती त्यांच्याच बाजूनं लढत होती.

खरं तर कुंडलिकराव भांडणं मिटवणारे गृहस्थ. मोजणी खात्यात बत्तीस वर्षं काढलेली, त्यातली निम्म्याहून जास्त मुरबाड तालुक्यात. दोन सख्खे भाऊ कोयते घेऊन बांधाच्या दोन बाजूंना उभे आहेत आणि मधोमध हे शांतपणे साखळी पसरतायत, असं दृश्य लोकांनी कित्येकदा पाहिलेलं. कुणावर आवाज चढवायचा नाही, कुणाच्या घरचा चहा घ्यायचा नाही, आणि आपल्या गावातली मोजणी आपण करायची नाही, हे त्यांचे तीन नियम होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी खर्डीपासून रिक्षानं वीस मिनिटांवरच्या त्यांच्या गावात त्यांना अजून सगळे ‘साहेब’ म्हणत. बायको शकू सोडून.

या अब्रूदार आयुष्यात लढाई शिरली ती मुलीमुळे. नम्रता पुण्यात मोबाईलवरचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होती. कंपनीनं सैनिकांच्या मारामारीचा एक गेम काढला होता. लाल आणि निळी अशा दोन फौजा, आणि मैदानाच्या मध्यावर जो आधी झेंडा लावील तो जिंकला. गेमचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, म्हणून घरात त्याला ‘नम्रताची लढाई’च म्हणत. त्यातलं एक मैदान, म्हणजे त्यांच्या भाषेत मॅप, नम्रतानं एकटीनं बनवलं होतं. नोकरीतलं तिचं पहिलं स्वतंत्र काम.

शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला.

“बाबा, गेमचा बीटा आलाय.”

“म्हणजे काय झालंय त्याला?”

“झालं काय नाय. पूर्ण व्हायच्या आधी लोकांना खेळायला द्यायचा. लोक चुका सांगतात. त्या सुधारायच्या आणि मग खरा गेम काढायचा.”

कुंडलिकरावांचा चेहरा उजळला. “असं सांग ना! प्रारूप प्रसिद्ध केलंय आणि हरकती-सूचना मागवल्यात.”

“हो. तसंच.”

हे वाक्य कुंडलिकरावांना इतकं आवडलं की दिवसभरात त्यांनी ते दुधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत पाच जणांना ऐकवलं. ते ऐकवलं नसतं तर पुढचं रामायण झालं नसतं. पण माणसाला एखादी नवी गोष्ट आपल्या खात्याच्या भाषेत समजली की ती पोटात राहत नाही.

“पण माझ्या मॅपचं काय खरं नाय, बाबा,” नम्रता पुढे म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. “दहा दिवस झाले. शंभर मॅचमधल्या ब्याऐंशी निळी फौजच जिंकते. बंदुका सारख्या, माणसं सारखी, दोन्ही छावण्यांपासून झेंड्यापर्यंतचं अंतर पण सारखं. मी चार वेळा तपासलं. कुणालाच कारण सापडत नाय. सोमवारी अकरा वाजता मीटिंग आहे. मॅप काढून टाकायचा म्हणतायत.”

“आणि तू?”

“मी अजून प्रोबेशनवर आहे.”

तीन वर्षं शिकून, दीड वर्ष वणवण करून पोरीला मिळालेली नोकरी होती ती. गावात ज्यांनी ज्यांनी ‘गेम बनवायची पण नोकरी असते का?’ असं विचारलं होतं, ते सगळे चेहरे त्यांना एका ओळीत उभे दिसले.

“मी काय करू सांग,” ते म्हणाले.

काम साधं होतं. ज्यांनी जन्मात असा गेम खेळला नाही अशा माणसांचं पहिलं मत कंपनीला हवं होतं. ती कुठं अडतात ते बघून कदाचित चूक हाती लागली असती. आठ जण जमवायचे, नम्रताच्या मैदानात एक मॅच खेळायची, आणि पाठोपाठ येणारा फॉर्म भरून पाचपैकी तारे द्यायचे. “प्रामाणिक मत द्यायला सांगा हां, बाबा,” असं ती दोनदा म्हणाली.

आठातले चार जण मुकेशनं आणले. मुकेश शहापूर-मुरबाड जीप चालवायचा आणि सीटा भरेपर्यंत स्टिअरिंगला मोबाईल टेकवून लढायचा. तो आणि त्याचे तीन ड्रायव्हर दोस्त मिळून, आपापल्या जीपमध्ये बसून, लाल फौज झाली. निळ्या फौजेत कुंडलिकराव, शकू आणि शेजारचे बुधाजी असे तीन जण होते. आठवी जागा धोंडीबाईंनी भरली. ओटीवर खुर्च्या मांडलेल्या बघून त्यांना रेशनकार्डाची मीटिंग वाटली होती. मीटिंग नाही, लढाई आहे, असं सांगितल्यावर सत्तरीच्या त्या बाईंनी पदर खोचला.

“कुणाशी?” एवढंच विचारलं त्यांनी, आणि सुनेचा फोन आणायला गेल्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बुधाजी आणि धोंडीबाई एकोणीस वर्षं एकमेकांशी थेट बोलत नव्हते. त्यांच्या शेतांच्या मधल्या बांधावर एक जांभूळ आहे. बुधाजी म्हणत ते माझं, धोंडीबाई म्हणत ते माझं. या एकोणीस वर्षांत दोघांनी मिळून कुंडलिकरावांना निदान शंभरदा मोजणी करायला सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी कुंडलिकरावांनी तिसरा नियम दाखवला होता. या दोघांना एका फौजेत घ्यायची जोखीम त्यांनी पत्करली ती केवळ पोरीसाठी.

ओटीच्या उजव्या खांबापाशीच रेंज येत असल्यामुळे निळी फौज त्या खांबाला खेटून बसली. लगेच सल्ले सुरू झाले. मुकेश फोनमधून म्हणाला, “काका, पहिलं सेन्सिटिव्हिटी कमी करा. बोट हलवाल तेवढीच मुंडी फिरायला पायजे.” बुधाजी म्हणाले, गोळी मारताना श्वास रोखून धरायचा, रानडुकराला मारताना धरतात तसा. बुधाजींनी जन्मात रानडुक्कर सोडा, कोंबडीसुद्धा स्वतः मारली नव्हती. शकूनं काही सल्ला दिला नाही. तिनं चष्मा पुसला आणि दुर्बीणवाली बंदूक निवडली.

युद्धाबद्दल कुंडलिकरावांचं पहिलं मत असं झालं की त्यात आकाश फार असतं. लढाई सुरू झाल्यापासून दीड मिनिट त्यांना आकाशाशिवाय काही दिसेना. मुकेशनं बोट कुठं ठेवायचं ते सांगितल्यावर जमीन दिसली, पण आता फक्त जमीनच. शेवटी एकदाचं क्षितिज सापडलं आणि ‘अरे वा!’ म्हणेपर्यंत ते मेले.

“कुणी मारलं?”

“मी,” शकू म्हणाली. “तुमी मधे आलात.”

“अगो, मी तुझ्याच बाजूचा!”

“मग निळं कापड दिसेल असं उभं राहावं माणसानं.”

आपल्याच माणसाची गोळी आपल्याला लागते, हे या गेमचं मोठं वैशिष्ट्य आहे, असं नम्रतानं नंतर सांगितलं. मेलेला माणूस पाच सेकंदांनी छावणीत पुन्हा उठतो, ही सोय मात्र कुंडलिकरावांना पसंत पडली. ते उठले. चालायला लागले. ओढ्यात पडले. बाहेर आले तर मुकेशच्या एका दोस्तानं टिपलं. पुन्हा उठले, पुन्हा शकू. ज्या माणसापुढे भल्याभल्या पाटलांनी हात जोडले, तो माणूस स्वतःच्या ओटीवर दहा मिनिटांत पाच वेळा आडवा झाला, आणि वर धोंडीबाईंनी ऐकवलं, “साहेब, तुमी घरी बसलात तरी चालंल.”

सातव्यांदा उठून ते धावत मैदानाच्या मध्याकडे निघाले, तेव्हा बुधाजी एकदम ओरडले, “थांबा! सगळे थांबा!”

“काय झालं?”

“हे आपलं शिवार हाय.”

आणि खरंच होतं. नम्रतानं मैदान बनवायला दुसरीकडचं काही शोधलंच नव्हतं. तोच ओढा, तेच पडकं पंपघर, अलीकडे धोंडीबाईंचा सपाट तुकडा, पलीकडे बुधाजींची पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. मधे बांध. झेंडा लावायचा होता तो त्या जांभळाखाली. कुंडलिकरावांचा ऊर भरून आला. पुण्यात खुर्चीवर बसून पोरीनं एकेक खाचर आठवून काढलं होतं.

बुधाजींचा ऊर मात्र वेगळ्याच कारणानं भरला होता. “साहेब, नीट बघा. झाड बांधाच्या कुठल्या बाजूला हाय?”

कुंडलिकरावांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. जांभूळ बांधावरून चांगलं आत सरकलं होतं, धोंडीबाईंच्या जमिनीत.

“देव बघतो गो बाय!” धोंडीबाई फोन कपाळाला लावून म्हणाल्या. “शिकलेली पोर ती. तिनं बरोबर काढलंन.”

बुधाजींनी बंदूक खाली ठेवली. ती खाली ठेवायचं बटण कुठलं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, तरी जमलं. “मी नाय खेळत. आदी हे झाड कुणाचं ते ठरवा.”

निळी फौज जांभळाखाली गोल करून उभी राहिली. तेवढ्यात लाल फौज गोळ्या झाडत चाल करून आली, तेव्हा चौघंही एका सुरात ओरडले, “थांब रे, इथं काम चाललंय!” आणि मुकेशच्या दोस्तांनी, मोठ्या माणसांचं भांडण चाललंय म्हटल्यावर, बंदुका खाली करून ऐकायला सुरुवात केली. मॅच बरोबरीत सुटली. एकाही माणसानं झेंड्याला हात लावला नव्हता.

त्यानंतर फॉर्म आला, आणि कुंडलिकरावांचं ते लाडकं वाक्य त्यांच्याच अंगावर उलटलं.

“तुमीच बोललात ना, हे प्रारूप हाय म्हणून?” बुधाजी म्हणाले. “हरकती मागवल्यात म्हणून? मग माजी हरकत हाय. उद्या हा नकाशा जगभर जाणार. अमेरिकेतला माणूस पण बोलंल, झाड धोंडीबाईचं. मी कुणाकुणाच्या तोंडावर हात ठेवू?”

“अरे बुधाजी, तो खेळ आहे.”

“सरकारी नकाशा पण सुरुवातीला कागदच असतो.”

बत्तीस वर्षांत कुंडलिकरावांनी स्वतः हेच लोकांना सांगितलं होतं. बुधाजींनी एक तारा दिला आणि खाली लिहिलं, ‘जांभळाची जागा चुकीची आहे. नकाशा रद्द करावा.’ एवढ्यावर न थांबता त्यांनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली आणि भावकीला आवाहन केलं. संध्याकाळी दिवेलागणीला ते एक कागद घेऊन आले. ‘प्रति, मा. नम्रता कुंडलिक वेखंडे, मुक्काम पुणे. विषय : प्रारूप रणांगण नकाशावर हरकत घेणेबाबत.’ वर कोर्ट फीचं तिकीट चिकटवलेलं. “पोच द्या,” ते म्हणाले. कुंडलिकरावांचा हात सवयीनं पेनाकडे गेला आणि त्यांनी पोच दिली. पाचव्या मिनिटाला धोंडीबाई हजर. झाड हलवलं तर त्यांचीही हरकत होती. त्यांनाही पोच दिली.

रविवारी सकाळी आठला फोन वाजला.

“बाबा, तुमी काय केलंत?” नम्रताचा आवाज रडवेला होता. “एका रात्रीत सतरा जणांनी एक तारा दिलाय. सगळ्यांनी एकच लिहिलंय, जांभळाची जागा चुकीची आहे. माझे साहेब विचारतायत, हे जांभूळ काय प्रकार आहे. मी काय सांगू त्यांना?”

कुंडलिकरावांना इतकं अपराधी आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पोरीनं विश्वासानं एक काम सांगितलं होतं, आणि त्यांनी तिच्या मॅपवर अख्ख्या गावाच्या हरकती गोळा करून दिल्या होत्या. मीटिंगला उरले होते सत्तावीस तास. त्यांना चहा गोड लागेना. शकू समोर येऊन बसली.

“हरकत आली की खात्यात काय करतात?” तिनं विचारलं.

“मोजणी.”

“मग करा.”

“आपल्या गावातली मोजणी मी करत नाय, तुला माहीत आहे.”

“हे गाव नाय, फोन हाय,” शकू म्हणाली. “आणि पोर आपली हाय.”

तिसरा नियम तिथंच मोडला.

एकदा करायचं ठरल्यावर कुंडलिकरावांनी ते रीतसर केलं. साडेनऊला लगतधारकांना, म्हणजे बुधाजी आणि धोंडीबाईंना, व्हॉट्सॲपवर नोटीस गेली : ‘आज दुपारी तीन वाजता मौजे रणांगण येथील जांभूळवृक्षाची मोजणी होणार असून आपण मोबाईल पूर्ण चार्ज करून हजर राहावे. गैरहजर राहिल्यास मोजणी एकतर्फी करण्यात येईल.’ मुकेश आणि मंडळींना शांतता राखण्याची समज दिली गेली. तीन वाजता दोन्ही फौजा मैदानात उतरल्या आणि पहिलीच अडचण उभी राहिली. मोजायचं कशानं?

गेममध्ये बंदुका सतरा प्रकारच्या होत्या, बॉम्ब होते, धूर सोडायचे डबे होते. फूटभर लांबीची साधी पट्टी कुणालाही द्यावीशी वाटली नव्हती. कुंडलिकराव पाच मिनिटं विचार करत राहिले. तेवढ्यात धोंडीबाईंचा अंगठा भलतीकडे पडला आणि त्यांचा सैनिक धाडकन पालथा झोपला.

“साखळी!” कुंडलिकराव ओरडले.

सगळे सैनिक एकाच उंचीचे होते. एकानं झोपायचं, दुसऱ्यानं त्याच्या डोक्याला बूट लावून पुढे झोपायचं, मग तिसऱ्यानं. शेवटचा उठून पुन्हा पुढे येणार. अशी माणसांची साखळी निळ्या छावणीपासून जांभळापर्यंत न्यायची. आणि खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे मोजणी एका बाजूनं करून भागत नाही, म्हणून तशीच ती लाल छावणीपासूनही आणायची. दोन्ही छावण्या म्हणजे हद्दीचे दगड. त्या मैदानात खात्रीच्या जागा म्हणाव्यात तर त्याच दोन.

पुढचे दोन तास त्या रणांगणानं जे पाहिलं, ते जगातल्या कुठल्याही रणांगणानं पाहिलं नसेल. हेल्मेट घातलेले सात जवान पोटावर झोपून ओळीनं सरकत होते आणि आठवा शेजारून चालत मोजत होता. “धोंडीबाई, डोकं खाली! एक वीत वाढली!” “बुधाजी, वाकडे झोपलात, सरळ व्हा.” दर पंधरा मिनिटांनी मॅचची वेळ संपायची आणि सगळे आपापल्या छावणीत फेकले जायचे, की मग शेवटच्या झोपलेल्या माणसाची खूण म्हणून जमिनीत मारलेली गोळीची भोकं शोधायची. एकदा मुकेशच्या दोस्ताला राहवलं नाही. त्यानं ओळीनं झोपलेले सहा जण बघितले आणि बॉम्ब टाकला. त्या दोस्ताला धोंडीबाईंनी फोनमधूनच जे सुनावलं, ते ऐकून त्यानं पुढच्या दोन पाळ्या कुणी न सांगता झोपून काढली.

निळ्या छावणीपासून जांभूळ भरलं चौऱ्याण्णव सैनिक. लाल छावणीपासून भरलं एकशे पाच.

“चुकलं,” कुंडलिकराव म्हणाले. नम्रता सांगत होती अंतर सारखं आहे, आणि पोर खोटं बोलणार नाही. संशय धोंडीबाईंच्या डोक्यावर आला. पुन्हा मोजलं. चौऱ्याण्णव आणि एकशे पाच. कुंडलिकरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग पुण्याला फोन लावला.

“नम्रता, तुझी दोन्ही अंतरं सारखी नायत. अकरा माणसांचा फरक आहे.”

“बाबा, कॉम्प्युटर दाखवतोय. दोन्ही बरोब्बर सारखी.”

“कॉम्प्युटरनं कुठून मोजलं?”

“कुठून म्हणजे? वरून. मॅपवर.”

“आणि माणूस कुठून पळतो?”

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

“निळ्यांकडे धोंडीबाईची जमीन आहे गो, तळहातासारखी सपाट,” कुंडलिकराव हळू आवाजात म्हणाले. “लाल्यांकडे बुधाजीची खाचरं. सात बांध चढायचे, सात उतरायचे. वरून बघितलं तर कागदावर सगळं सपाट दिसतं. आमच्या खात्यात नवीन पोरगा पहिल्या वर्षी हीच चूक करतो.”

“बाबा...” नम्रता म्हणाली, आणि मागे टकटक टकटक बोटं चालू लागल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “म्हणून निळे आधी पोचतात. दर वेळी. बाबा, म्हणजे झेंडा पाच-साडेपाच माणसं लाल बाजूला सरकवायला पायजे.”

“झाड?”

“झाड पण. झाडाखालीच झेंडा आहे ना. खरं सांगू? मी पहिल्यांदा काढलं तेव्हा झाड बांधावरच होतं, आपल्याकडे आहे तसं. पण वरून मोजलं तर ते मध्यावर येईना, म्हणून मी धोंडीबाईकडे सरकवलं. आता ते परत बांधावरच येतंय.”

ओटीवर फोन स्पीकरवर होता. बुधाजी उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर एकोणीस वर्षांचा आनंद एकदम उगवला. “बोललो नव्हतो? बोललो नव्हतो मी, जागा चुकीची हाय?”

“म्हणजे झाड बुधाजीचं?” धोंडीबाईंनी कमरेवर हात ठेवले.

आता कुंडलिकराव पुन्हा मोजणीसाहेब झाले. त्यांनी वही ओढली आणि लिहीत लिहीत मोठ्यानं वाचलं, “जांभूळवृक्ष सामाईक बांधावर आढळून आला. सबब दोन्ही लगतधारकांचा समान हक्क. पंच समक्ष, वाचून दाखवले, मान्य.” आणि वही पुढे केली. बुधाजींना अख्खं झाड हवं होतं, धोंडीबाईंनाही अख्खं हवं होतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोघंही सारखेच नाराज आहेत हे बघून दोघांनाही बरं वाटलं असावं. बुधाजींनी सही केली आणि पेन धोंडीबाईंकडे धरलं. “घ्या,” ते म्हणाले. एकोणीस वर्षांतला त्यांच्यातला पहिला थेट शब्द.

हरकती मागे घेण्यात आल्या. धोंडीबाईंनी पाच तारे दिले. बुधाजींनी चार दिले. पाचवा त्यांनी राखून ठेवला होता, खऱ्या नकाशात झाड डोळ्यांनी बघितल्यावर द्यायचा म्हणून. भावकीला तसा निरोपही गेला.

सोमवारी अकराला कुंडलिकराव ओटीच्या उजव्या खांबापाशी फोन घेऊन बसले. साडेअकरा झाले. बारा झाले. शकू दोनदा डोकावून गेली. बुधाजी काही काम नसताना अंगणातून तीन वेळा गेले. सव्वाबाराला फोन वाजला आणि कुंडलिकरावांना हिरवं बटण दाबायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

“बाबा, मॅप राहिला.” नम्रता हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. “काल संध्याकाळीच मी बदल टाकला. रात्रीपासून चारशे मॅच झाल्या. निळे शंभरात एकावन्न. साहेब बोलले, असा फरक आमच्या कुणाच्या डोक्यात आला नसता. विचारत होते, तुझ्याकडचे टेस्टर कोण?”

“मग काय सांगितलंस?”

“सांगितलं, माझे बाबा. आणि पंच.”

“आणि तुझं?”

“मी पण राहिले, बाबा.”

कुंडलिकरावांनी फोन मांडीवर ठेवला. डोळ्यांतून पाणी कधी आलं ते त्यांना समजलं नाही. त्यांनी ते चष्मा पुसायच्या निमित्तानं पुसलं. शकूनं ते बघितलं. आत जाऊन तिनं चहा टाकला, साखर जास्त घालून.

दुपारी धोंडीबाई जांभळांची टोपली घेऊन आल्या. अर्धी जांभळं बुधाजींच्या पुढ्यात ओतली आणि अर्धी आपल्या पुढ्यात. मोजून घेतली नव्हती, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. जिभा जांभळ्या झाल्यावर कुणीतरी म्हणालं, आता एकदा नीट खेळून बघू या. फोन निघाले. मुकेशला निरोप गेला.

या वेळी कुंडलिकरावांना आकाशही सापडलं आणि जमीनही. सपाटीवरून ते न पडता धावले आणि जांभळाखाली येऊन थांबले. झाड बांधावर होतं, जिथं असायला हवं तिथं. बुंध्यापाशी नम्रतानं एक नवी वस्तू ठेवली होती. शेंदूर फासलेला हद्दीचा छोटासा दगड. कुंडलिकराव बंदूक विसरून त्या दगडाकडे बघत उभे राहिले. पोरगी लहान असताना मोजणीवर बरोबर यायची तेव्हा अशाच एका दगडावर बसून ती बिस्किटं खायची, हे त्यांना आठवलं.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला आणि त्यांचा सैनिक त्या दगडाशेजारी आडवा झाला.

“अगो, पुन्हा?” ते म्हणाले. “आता तरी निळं कापड दिसत होतं ना?”

“दिसत होतं,” शकू दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाली. “तीन दिवस जेवला नायत नीट. ही त्याबद्दल.”

आणि कुंडलिकराव आठव्यांदा मेले, पण समाधानानं.